अभिनंदनाचे फलक

मुलांनो, डोंगराआडच्या एका जंगलात एक हरिणी राहत असे. त्या जंगलात चक्क वीज होती! धबधब्यावर चाक बसवले होते आणि तिथून खांबाखांबांवरून तार थेट टेकडीवरच्या दिव्यापर्यंत गेली होती. हरिणीचे पाडस वणव्याच्या पळापळीत नदीपलीकडे हरवले होते. एके दिवशी कावळा सांगत आला, "तुझं पाडस जिवंत आहे गं! दिवसा लांडग्यांच्या भीतीनं लपून बसतं. अंधार पडला की आपला दिवा बघत बघत इकडे निघतं. पण दिवा गेला की वाट चुकतं." आणि दिवा तर रोज जायचा, कारण वेली तारेवर चढायच्या. हरिणी रोज संध्याकाळी नदीकडे डोळे लावून उभी राहायची. कोवळे गवतही तिच्या घशाखाली उतरत नसे.

शेवटी ती सिंहाच्या सभेत गेली. "महाराज, मला दुसरं काही नको. तेवढा दिवा जाऊ देऊ नका." सिंहाचे मन द्रवले. सभेने एकमताने कायदा केला : वेली वेळेवर तोडाव्यात, खांबांची निगा राखावी आणि खांबाला कोणीही काहीही बांधू नये. माकडांनी लगेच वेली तोडल्या. त्या रात्री दिवा एकदाही गेला नाही. हरिणीला वाटले, आता आलेच माझे बाळ!

पण सभेतल्या कोल्ह्याला राहवेना. एवढा मोठा कायदा झाला आणि कोणाचे अभिनंदन नाही? त्याने भलेमोठे फलक रंगवून घेतले. त्यांवर मोठा सिंह, शेजारी जरासाच लहान कोल्हा आणि खाली 'अखंड दिव्याच्या कायद्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' सर्वांना दिसावेत म्हणून त्याने ते खांबाखांबाला बांधले.

"कोल्हेदादा, कायद्यात तर नको म्हटलंय ना?" हरिणी घाबरत म्हणाली.

"अगं, हे कायद्याचेच फलक आहेत!" कोल्हा हसला. सिंहाने आपले चित्र पाहिले आणि फलक तसेच राहू दिले.

दिवेलागणीला वारा सुटला. फलक फुगले, खांब कलले, तार तुटली. अंधारात नदीच्या बाजूने, अगदी जवळून, आवाज आला, "आई, दिवा कुठं गेला?"

"इकडे ये बाळा, इकडे!" हरिणी जिवाच्या आकांताने ओरडली. पण फलकांच्या फडफडाटात तिची हाक बुडाली. पाडसाचा आवाज दूर दूर जात ऐकू येईनासा झाला.

सकाळी कोल्हा फलक सरळ करायला आला. हरिणी तिथेच उभी होती. ती एवढेच म्हणाली, "कोल्हेदादा, काल माझं पाडस नदीकाठापर्यंत आलं होतं हो."

तात्पर्य : नुसता कायदा केल्याने दिवा जळत नाही, कायदा करणाऱ्यांना तो आधी स्वतः पाळावा लागतो.