पंपाने पाय सोडला नाही

यंत्रं माणसांशी बोलत असत त्या काळी एका दवाखान्यात हवेचा पंप होता. सुजलेल्या पायावर चढवलेल्या पिशवीत हवा भरून तो पाय दाबी, मग सोडी.

“सूज उतरते ती माझ्या दाबण्याने. सोडण्यात उगाच वेळ जातो,” तो पिशवीला म्हणाला.

जन्मभर उभ्याने इस्त्री करून पाय सुजलेल्या गोदाक्का आल्या. पंपाने त्यांचा पाय दाबला तो सोडलाच नाही. गोदाक्का कळवळल्या. बोटं निळी पडली.

“अरे, तू सोडतोस तेव्हाच पायात ताजं रक्त येतं!” पिशवी ओरडली.

पंपाने घाईघाईने हवा सोडली.

गोदाक्कांनी त्याच्यावरून हात फिरवला. “दमलास होय रे? माझा पायच मेला जड.”

त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पंपाला वाटलं.