ओढ्यापलीकडचा उत्तररंग

एक ओढा होता. ओढ्याला दोन काठ होते, म्हणून गावात दोन प्रार्थनाघरं होती.

अलीकडे शेळ्या. त्या गुडघे टेकून, पुस्तकातून वाचून प्रार्थना करत. पलीकडे गाढवं. ती उभ्यानं, तोंडपाठ आणि मोठ्यानं करत. देव एकच होता. त्यानं तक्रार केल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

सरपंच घोरपडराव मात्र काळजीत असत. शेळ्यांना ते सांगत की उभे राहणारे तुमचे गुडघे सरळ करतील. गाढवांना सांगत की टेकणारे तुम्हाला वाकवतील. मग दोघंही एकमेकांचे गुडघे बघत बसत. गुडघ्यांकडे बघणाऱ्याचं लक्ष गावाच्या कणगीकडे जात नाही. कणगीतलं धान्य दरवर्षी उंदीर खात, असं घोरपडराव सांगत. गावात उंदीर नव्हते.

कीर्तन करायचे शीलासबुवा कासव. कासव उभं आहे की टेकलेलं, हे बाहेरून कळत नाही. म्हणून बुवा दोन्हीकडे चालत. पण वाटणीत तबला शेळ्यांकडे गेला होता आणि पेटी गाढवांकडे. बुवा या रविवारी अलीकडे तबल्यावर पूर्वरंगात अर्धी गोष्ट सांगत आणि उत्तररंगासाठी पलीकडे निघत. पोचेपर्यंत पुढचा रविवार येई.

असं अकरा वर्षं चाललं. घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाची गोष्ट बुवांची लाडकी. पण शेळ्यांना एवढंच माहीत की तो गेला, आणि गाढवांना एवढंच की शेवटी मेजवानी झाली. बुवांचा आवाज आता थकला होता. एकदा तरी ही गोष्ट अख्खी गावी, मग डोळे मिटावेत, एवढंच त्यांचं मागणं होतं.

सुगीच्या सणाच्या आठवड्यात वारा सुटला आणि शेळ्यांचं छप्पर उडालं. तबीथाकाकू शेळी तबला डोक्यावर घेऊन कळपासकट ओढा ओलांडून आल्या. दारात एलियामामा गाढव उभे होते.

"या काकू. पण आमची जमीन खडबडीत आहे, गुडघ्यांना लागेल."

"तुमच्या गाण्यापेक्षा कमीच लागेल," काकू म्हणाल्या.

मामांनी आत जाऊन गोणपाटं अंथरली.

घोरपडरावांना हे कळलं तेव्हा त्यांनी तातडीनं एकी समिती नेमली. एकी थांबवायचा याहून खात्रीचा उपाय अजून निघालेला नाही. उद्घाटनाला ते म्हणाले, "बंधुभगिनींनो, एकी माझ्या रक्तात आहे. म्हणूनच ती घाईनं होऊ देणार नाही." समितीनं सात बैठकांत ठरवलं की सर्वांनी अर्धवट वाकून प्रार्थना करावी. ठराव एकमतानं मंजूर झाला. करून दाखवताना चार सभासद पडले.

इकडे सणाच्या सकाळी पेटी आणि तबला शेजारी शेजारी लागले. कीर्तन ऐकायचं कसं, याबद्दल दोन्हीकडे काहीच नियम नव्हता, म्हणून सगळे आपसूक बसले. बुवांनी मुलगा घराबाहेर काढला, परमुलखात उपाशी ठेवला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच न थांबता त्याला परत आणला. बाप रस्त्यावर धावत आला तेव्हा बुवांचा आवाज फुटला. दोन्ही काठांनी तो उचलून धरला.

"म्हणजे तो घरी आला?" तबीथाकाकू डोळे पुसत म्हणाल्या. "मी अकरा वर्षं त्याच्यासाठी गुडघे झिजवतेय."

"आम्हाला वाटायचं, लग्नाचं जेवण आहे," एलियामामा म्हणाले.

मागून पाहताना टेकणारे कोण आणि उभे राहणारे कोण, हे घोरपडरावांना ओळखू येईना. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कणगीसमोर जाहीर सभा बोलावली. विषय होता, बसणाऱ्यांपासून गावाला असलेला धोका.

गाव आलं आणि बसलं.

बसल्यावर नजर खाली येते. कणगीचं भोक खालच्याच बाजूला होतं, अगदी घोरपडीच्या मापाचं. एलियामामांनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी बुवांकडे.

घोरपडराव म्हणाले, "आता सर्वांनी उभं राहावं." कुणी उठलं नाही. मग म्हणाले, "बरं, गुडघे टेका." तेही कुणी केलं नाही.

भोकाच्या चौकशीसाठी घोरपडरावांनी स्वतःच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली आहे. अहवाल येईपर्यंत गाव तिथंच बसून आहे. पेटी-तबला तिकडेच नेलाय, आणि बुवा आता पूर्वरंग संपवत आलेत.