काटेबाईंची गाडी

फार जुनी गोष्ट. काटेबाई साळिंदर ही रानातली सुईण. घाटापलीकडच्या बाळंतिणींकडे वेळेवर पोचता यावं म्हणून ती बाजारात गाडी बघायला गेली.

रंगीत गाडी म्हणाली, "मावशी, मी आजवर एकदाही मोडले नाही."

"घाट चढलीस का कधी?"

"नाही बाई."

शेजारची बाभळीची गाडी संकोचून म्हणाली, "मी दोनदा मोडले. एकदा आस, एकदा चाक. पण सुतारानं नीट केलं आणि मी पुन्हा घाट चढले."

काटेबाईनं तिलाच घरी आणलं.

आठवड्यातच पलीकडची सशीण अडली. गाडी चढावर कुरकुरली, पण थांबली नाही. उन्हं कलली तेव्हा सशिणीच्या कुशीत पाच पिल्लं होती, आणि खारीणबाईचा निरोप आला होता, "माझेही दिवस भरलेत."

काटेबाईनं पुन्हा गाडी जुंपली.