रंभाजी गिऱ्हाईक सांभाळतो

बोरखडी नावाच्या गावात रंभाजी नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गावाचा शब्द वेगळा होता, पण तो आपण सोडून देऊ.

रंभाजी बत्तीस वर्षांचा झाला तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. शेवटी पलीकडच्या गावचे शिरपतराव आपली लेक कौसल्या द्यायला अर्धेमुर्धे तयार झाले. रंभाजीने तिला बाजारात एकदाच पाहिलं होतं, आणि त्या दिवशी तो दोन्ही वेळा जेवायचं विसरला होता. शिरपतरावांची अट एकच. कुठल्याही एका कामावर सलग महिनाभर टिकून दाखव, मग मी स्वतः बोलणी करायला येतो.

काम मिळायला काही अडचण नव्हती. बोरखडीत तेव्हा दुकानात जा, हॉटेलात जा, कचेरीत जा, समोरचा माणूस खेकसायचाच. पाणी मागितलं तर पेला आदळायचा. भाव विचारला तर पाठ फिरवायचा. लोक वैतागून गेले होते. त्यामुळे हात जोडून बोलणारा माणूस सगळ्याच मालकांना हवा होता, आणि रंभाजी तर म्हशीलासुद्धा "अहो, जरा सरकता का?" म्हणायचा.

पहिल्यांदा तो केरबाच्या खाणावळीत वाढपी म्हणून लागला. जेवणारे म्हणाले, नको. रंभाजी भांडं घेऊन परत गेला. भाकरीला नको, भाकरी परत. आमटीला नको, आमटी परत. लोक अर्धपोटी उठले. केरबाने त्याला बाजूला घेतलं.

"अरे, माणूस भिडेनं नको म्हणतो. नको म्हणाला की समजायचं, त्याला हवंय. लाजू नका म्हणायचं आणि वाढायचं."

एवढं शिकवून केरबाने त्याला घरी पाठवलं. रंभाजीने ते मनात पक्कं केलं.

मग तो सोपानच्या सलूनमध्ये लागला. तिथे एक निवृत्त फौजदार दाढीला आले. त्यांच्या मिशा तालुक्यात प्रसिद्ध होत्या. ते म्हणाले, मिशीला हात नको. रंभाजी समजुतीने हसला.

"लाजू नका, साहेब," तो म्हणाला.

फौजदार जितक्या जोरात नको म्हणत गेले, तितका याचा आग्रह वाढत गेला. डावी मिशी गेली. उजवीही रंभाजीने काढली, कारण एका बाजूला कमी आणि एका बाजूला जास्त, हे बरं दिसत नाही. सोपानने त्याला हाकलताना बजावलं, गिऱ्हाईकाच्या तोंडाला हात लावण्याआधी विचारायचं, आणि तो हो म्हणाला तरच पुढे जायचं. रंभाजीने तेही मनात पक्कं केलं.

नंतर दवाखाना. उन्हाने चक्कर येऊन एक माणूस दारातच बेशुद्ध पडला. डॉक्टर आत दुसऱ्याला टाके घालत होते. त्यांनी आतूनच सांगितलं, त्याच्या तोंडावर पाणी मार. रंभाजी तांब्या घेऊन वाकला आणि आपल्या तोंडावर पाणी मारू का, असं त्याने अदबीने विचारलं. माणूस काही बोलला नाही. रंभाजीने आवाज आणखी मऊ करून पुन्हा विचारलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा हा तांब्या धरून तसाच उभा.

"अजून हो म्हणाले नाहीत," रंभाजी म्हणाला.

माणूस वाचला, नोकरी गेली. डोळे मिटून पडलेल्याला काही विचारायचं नसतं, सरळ पाणी मारायचं असतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. रंभाजीने मनात पक्कं केलं.

त्यानंतर तो कचेरीत शिपाई झाला. दुपारचे डबे संपले आणि रंभाजी पाहतो तर काय, पाच कारकून टेबलांवर डोळे मिटून पडलेले. बिचारा घाबरला. पाच कारकून, पाच तांबे. खिडकीबाहेरच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. त्या दुपारी सगळ्या रांगेची कामं झाली, असं मी तरी आधी कधी ऐकलं नव्हतं. हेडक्लार्कांनी ओल्या हातांनी त्याला दार दाखवलं आणि कचेरीचं काम समजावून सांगितलं. कोणी काही मागायला आलं की नाही म्हणायचं, बस.

हे वाक्य पाठ करून रंभाजी हिराचंदशेठच्या किराणा दुकानात लागला. साखर? नाही. तूरडाळ? नाही. साखरेच्या पोत्याला टेकून, हात जोडून, गोड आवाजात म्हणायचा, नाही.

शेठ मात्र सोशिक माणूस. त्यांनी त्याला काढलं नाही, समोर बसवलं.

"जे आहे ते द्यायचं. जे नाही त्याला खरं सांगायचं, आमच्याकडे नाही. पण नुसतं नाही म्हणून गिऱ्हाईक घालवायचं नाही. चांगलं कुठं मिळेल ते सांगायचं, आणि तिथवर नेऊन पोचवायचं."

आणि काय सांगू, हे जमलं. धान्य पाखडायचं सूप मागायला आलेल्या म्हातारीला रंभाजीने बुरूडआळीपर्यंत नेऊन पोचवलं. लोक मुद्दाम तो असताना दुकानात यायला लागले. आठवडा गेला, पंधरवडा गेला, महिना पूर्ण झाला. रंभाजीच्या आईने देवापुढे साखर ठेवली. खरं सांगतो, मलाही फार बरं वाटलं.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी शिरपतराव आले. आई लगबगीने आत शिरा करायला गेली. शिरपतराव जुन्या वळणाचे. एकदम मुद्द्यावर कसं यायचं, म्हणून त्यांनी घसा खाकरून रीतीप्रमाणे सुरुवात केली.

"आमच्या कौसल्येसाठी मुलगा बघतोय. चांगला हुशार, चार गोष्टी कळणारा. आहे का तुमच्याकडं?"

कौसल्येचं नाव ऐकून रंभाजी ताडकन उठून उभा राहिला. त्याने घरात एकदा सगळीकडे नजर फिरवली. घरात तो होता आणि आई होती. त्याला फार वाईट वाटलं, पण गिऱ्हाईकाशी खोटं बोलणं त्याला जमेना.

"तसा आमच्याकडं नाही," तो हात जोडून म्हणाला. "पण शिंपीआळीत शाळेचे मधुकर मास्तर राहतात, अजून बिनलग्नाचे. एकदम चांगला माल. चला, पोचवतो."

आणि शिरपतरावांची पिशवी उचलून तो पुढे चालायलाही लागला.

आई शिऱ्याच्या बश्या घेऊन बाहेर आली तेव्हा ओसरी रिकामी होती. बऱ्याच वेळाने रंभाजी एकटाच परत आला. घामाने निथळत होता, पण चेहऱ्यावर समाधान होतं. त्याने सगळं पहिल्यापासून नीट सांगितलं. मास्तर त्यांना बघताक्षणीच पसंत पडले, हेही सांगितलं. आईने कपाळाला हात लावला.

"अरे लेकरा, आता ते कशाला परत येतायत आपल्या दारात?"

"येणार की, आई," रंभाजी म्हणाला. "लग्नाची पत्रिका द्यायला स्वतः येतो म्हणालेत."