देठाची छत्री

विळीलासुद्धा बोलता यायचं, त्या काळची ही गोष्ट. चंद्राक्काने भाजीसाठी अळंबी चिरली आणि उरलेला देठ डब्यातल्या ओल्या पेंढ्यात खोचून वर झाकण ठेवलं.

देठाला चैन पडेना. "पेंढेबुवा, माझी छत्री विळीनं नेली. डोक्यावर नवी कधी फुटणार?"

"डोक्याचं राहू दे," पेंढा खेकसला. "अंथरूण तुझंच आहे, पाय पसर."

देठाने पांढरे धागे सोडले. धागे पसरत गेले, तसा तो झिजत गेला. तरी रोज विचारायचाच, "आली का छत्री?"

एके दिवशी प्रश्न आलाच नाही. मग पेंढ्यालाच करमेना.

पुढे एका सकाळी पेंढाभर इवल्या अळंब्या उगवल्या. त्यातली एक उठल्या उठल्या कुरकुरली, "माझी छत्री कधी उघडणार?"

पेंढा हसला. "आलास का रे परत!"