तुळाजीच्या वळणावरची वाळू

सावकाश चला मंडळी, मला दम लागतो. समोर रूळ डोंगराला वळसा घालतात ना, त्याला तुळाजीचं वळण म्हणतात. रुळांकडेला तो वाळूचा ढीग दिसतो, तो रेल्वेचा नव्हे. गावाने वाहिलेली वाळू आहे ती. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पण लोक विचारतात आणि मीही सांगतो.

वाफेच्या इंजिनांच्या काळात तुळाजी इथे मालगाड्या लुटायचा, असं सांगतात. चौघं साथीदार होते. चढावर रुळांना करंजाचं तेल चोपडायचं. इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायची, गाडी अडायची, आणि मागच्या डब्यांतून कापडाचे तागे, गुळाच्या ढेपा उतरवून हे जंगलात पसार. माणसांच्या गाडीला मात्र हात लावायचा नाही, असा त्याचा नेम होता म्हणे. गावाला त्या नेमाचं कोण कौतुक! लुटीचा गूळ खाऊन कौतुक करायला काय जातं?

एका दिवाळीला दोनची मालगाडी यायची होती, आणि चारच्या गाडीने त्याची लेक ठकू लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी येणार होती. तुळाजीने दुपारीच तेल चोपडून ठेवलं. तीन वाजले तरी मालगाडी नाही. तिला उशीर नेहमीचाच, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. ती पायथ्याला बिघडून उभी होती आणि माणसांची गाडी पुढे सोडली होती. खालच्या वळणावर खिडक्या दिसल्या, तेव्हा तुळाजीला कळलं, ही लेकीची गाडी.

चाकं घसरली. भरलेले डबे गाडीला मागे ओढू लागले, आणि मागे दरी. तुळाजी ओढ्यातली वाळू मुंडाशात भरून धावला. मुंडासं रिकामं झालं तसा ओंजळीने चाकांखाली वाळू टाकत राहिला. गाडी थांबली, पण त्याच्या उजव्या हाताची बोटं चाकाखाली गेली.

लोक खाली उतरले. ठकूने बापाला पाहिलं, मग रुळावर बोट फिरवून पाहिलं.

"आबा, ह्ये त्याल तुमी लावलंत?"

"व्हय."

"आन् माज्या लग्नाचं लुगडं?"

"गाडीतलंच, बाय."

माहेर हाकेच्या अंतरावर होतं. ती वळली आणि परत डब्यात जाऊन बसली.

तुळाजी आपल्या पायांनी चौकीवर गेला. शिक्षा भोगून आला, आणि मरेपर्यंत डाव्या हाताने वाळू आणून चारच्या गाडीआधी रुळांवर टाकत राहिला. लेक येईल तेव्हा गाडी घसरता कामा नये, असा त्याने पण केला होता म्हणे. ठकू आली नाही.

आजही लेक माहेरी यायची असली, की आमच्याकडे बाप मूठभर वाळू इथे टाकून येतो. गाड्या आता विजेच्या, आणि लेकी येतात त्याही जीपने. वाळूने काय होतं, ते मला विचारू नका. माझी लेक अकरा वर्षांत आलेली नाही. का, ते तिला आणि मला ठाऊक. चूक माझी होती. आता गुडघे साथ देत नाहीत, तरी दर दिवाळीआधी चढून येतो. यंदाची मूठ परवाच टाकली.