आठवा पाट

“पण माई, किती माणसं बदलली म्हणजे समिती सुधारली म्हणायची?”

सुनीती किणीकर ही शहराच्या बाल-युवक सल्लागार समितीची अध्यक्ष. हातात नव्या रचनेचा आराखडा. सोमवारी महापालिकेत द्यायचा होता. नदीकाठच्या मठात माईंकडे ती दर शुक्रवारी यायची. आज तिच्या व्रताचं उद्यापन. सात कुमारिका पाटांवर बसल्या होत्या.

माईंनी कागदांकडे पाहिलंच नाही.

“आधी वाढ, अध्यक्षीणबाई. पोरी भुकेल्यात.”

सुनीतीनं पदर खोचला. मुलींचे पाय तिनंच धुतले होते, कुंकू तिनंच लावलं होतं. पुरणपोळ्या वाढत ती शेवटच्या पाटाशी आली. तिथं सात वर्षांची रेणू. तिनं पत्रावळीवर दोन्ही तळहात आडवे धरले.

“अगं, नाही म्हणू नये. आज तू देवी ना?”

हसत हसत सुनीतीनं ते हात बाजूला सारले आणि पोळी वाढली. वर तुपाची धार.

रेणू नुसती पोळीकडे बघत राहिली...

“तुझ्या समितीत पोरं आहेत का गं?” माईंनी विचारलं.

“आहेत की! दोन. पहिल्या रांगेत बसवतो, गुलाब देतो, फोटो काढतो. आता चार करणार आहे.” मग तिचा आवाज उतरला. “त्यातली एक येईनाशी झालीय. झीनत, नववीतली. तीनदा बोलावणं धाडलं. नको म्हणते. तीच नसली तर माई, या कागदांत माझा जीव नाही.”

“का येत नाही?”

“बैठकीत हात वर करायची. मी म्हणायची, थांब हं बाळा, मोठ्यांचं होऊ दे. मोठ्यांचं होईतो चहा यायचा...”

“काय सांगायचं होतं तिला?”

दोन वर्षं तो हात सुनीतीच्या समोर होता. मनगटावरचा निळा धागासुद्धा आठवत होता...

“ठाऊक नाही, माई.”

माईंनी आठवा पाट मांडला.

“बस. रेणू, ऊठ बाळ. हिला तू वाढ.”

रेणूनं अजून घासाला हात लावला नव्हता. ती लगबगीनं उठली. एक पोळी वाढली. दुसरी उचलली तशी सुनीतीनं सवयीनं पत्रावळीवर हात आडवा धरला.

रेणू जागच्या जागी थांबली.

“नको?”

“नको गं, पुरे.”

“बरं.”

पोळी परत परातीत गेली. मग ती वाकून हळूच म्हणाली, “मलापण नको होती. मला वरणभात हवा होता.”

सुनीतीचा घास हातातच राहिला...

ती उठली. भाताचं भांडं घेऊन रेणूपाशी गेली, खाली बसली.

“किती वाढू?”

रेणूनं बोटानं दाखवलं. तेवढाच वाढला.

मग डोळे पुसत सुनीतीनं विचारलं, “माई, झीनत येईल का हो परत?”

माई रेणूचं जेवण बघत होत्या.

“तिचा हात आता खाली आलाय, सुनीती. तिच्या दाराशी जा... आणि तुझा वर कर.”